गोव्याची मिझेरिकोर्दिया : चौदा दयाकर्में आणि त्यांचा हिशेब

(१) विषयप्रवेश

पोर्तुगीज अमदानीच्या इतिहासाकडे आपल्या संशोधकांचें लक्ष वळतें तें बहुधा तीन कारणांनीं : आरमार, धर्मांतर आणि मराठ्यांशीं झालेले तहनामे. या तिन्ही विषयांचीं साधनें विपुल आहेत व त्यांवर परिश्रमहि पुष्कळ झाले आहेत. परंतु गोव्याच्या जुन्या शहरांत, वसईच्या कोटांत किंवा चौलाच्या बंदरांत आजाऱ्याची विचारपूस कोण करी, बंदीखान्यांतील कैद्यास अन्न कोण पोंचवी, बेवारशी प्रेतास मूठमाती कोण देई, आणि परमुलखांत मेलेल्या शिपायाचे चार पैसे त्याच्या वारसांच्या हातीं कोण नेऊन घाली, या प्रश्नांचा विचार आपल्याकडे थोडाच झाला आहे. या सर्व प्रश्नांचें उत्तर बहुतांशीं एकाच नांवांत सांपडतें. तें नांव म्हणजे ‘सांता काझा द मिझेरिकोर्दिया’, अर्थात् दयेचें पवित्र घर.

या संस्थेविषयीं एक गैरसमज आरंभींच दूर केला पाहिजे. नांवांत ‘पवित्र’ हा शब्द आहे, संस्थेला स्वतःचें चर्च होतें, मिरवणुकींत क्रूस व निशाण पुढें चाले. यावरून हें पाद्र्यांचें मंडळ असावें अशी समजूत सहज होते. वस्तुस्थिति निराळी आहे. मिझेरिकोर्दिया हें मुख्यतः गृहस्थांचें मंडळ होतें. त्यांत सरदार होते, व्यापारी होते, सोनार व शिंपीहि होते. धर्माची प्रेरणा चर्चची, संरक्षण राजाचें आणि काम गृहस्थांचें, अशी ही त्रिविध घडण होती. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनेंहि राजाच्या प्रत्यक्ष संरक्षणाखालील अशा मंडळांस बिशपाच्या तपासणींतून सूट दिली. गोव्याच्या आर्चबिशपाचें ज्या संस्थेवर सहजासहजी चालत नसे अशा थोड्या संस्थांपैकीं ही एक होती, हें ध्यानांत ठेवल्यावांचून तिचे कागद नीट उलगडत नाहींत.

(२) उगम

इ. स. १४९८ च्या मे महिन्यांत वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला. त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं लिस्बन शहरांत पहिली मिझेरिकोर्दिया स्थापन झाली. दुसऱ्या जुआंव राजाची विधवा राणी लियोनोर ही त्या वेळीं आपला भाऊ मानुएल राजा कास्तीलमध्यें गेला असतां राज्यकारभार पाहत होती. तिच्या आश्रयानें हें मंडळ उभें राहिलें. हा योगायोग केवळ पंचांगांतला आहे खरा. तथापि पुढें या दोन घटना एकमेकींस बांधल्या गेल्या. जेथें जेथें पोर्तुगीज वस्ती झाली तेथें तेथें किल्ल्याच्या पाठोपाठ मिझेरिकोर्दिया आली. गोव्यांत ती इ. स. १५१० मधील आल्बुकर्कच्या विजयानंतर दहा-एक वर्षांच्या आंतच दिसूं लागते. मकाव येथें ती १५६९ त, जपानांतील नागासाकी येथें १५८३ त निघाली. मोझांबीकपासून नागासाकीपर्यंतचीं हीं घरें एकाच नमुन्यावर रचलेलीं होतीं, आणि एका घराची हुंडी दुसऱ्या घरीं पटत असे. या एका गोष्टीचें महत्त्व पुढें कळून येईल.

(३) बंधूंचे नियम

मंडळाच्या सभासदास ‘इर्मांव’, म्हणजे बंधु, असें म्हणत. लिस्बनच्या मूळ मंडळांत शंभर बंधु होते, अर्धे कुलीन व अर्धे कारागीर. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही संख्या सहाशेंवर गेली. लिस्बनचा नियमग्रंथ इ. स. १५१६ त छापून निघाला व पुढें त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या झाल्या. त्यांपैकीं १६१८ ची विशेष प्रसिद्ध आहे. समुद्रापलीकडील घरें या ग्रंथाबरहुकूम, स्थलपरत्वें फेरबदल करून, चालत.

कारभार तेरा जणांच्या पंचायतीकडे असे. तिला ‘मेझा’ म्हणजे मेज असें नांव होतें. तिचा मुख्य तो ‘प्रोव्हेदोर’, त्याच्या खालोखाल चिटणीस, व बाकीचे सल्लागार. दरवर्षीं २ जुलै रोजीं, मरियेच्या एलिझाबेथभेटीच्या सणास, नवी निवडणूक होई. बंधूंनीं प्रथम निवडणारे निवडावे, व त्या निवडणाऱ्यांनीं मग मेझा निवडावी, अशी दुहेरी रीत होती. प्रोव्हेदोर हा बहुधा मोठ्या घराण्यांतला असे. गोव्यांत तर राज्यकारभारांतील वजनदार असामी या जागेवर दिसतात.

बंधु होण्यास ज्या अटी घातल्या होत्या त्या जशाच्या तशा पाहण्यासारख्या आहेत. उमेदवाराचें व त्याच्या बायकोचें रक्त मूर किंवा यहुदी मिश्रणापासून शुद्ध असावें. त्याची अब्रू चोख असावी. अविवाहित असल्यास वय निदान पंचवीस असावें. तो वेतनाच्या आशेनें येत आहे असा संशय नसावा. कारागीर असल्यास तो स्वतःच्या दुकानाचा धनी असावा, हातानें राबणारा नोकर नसावा. त्यास शहाणपण व लिहितांवाचतां येणें अवश्य. आणि तो इतका संपन्न असावा कीं संस्थेचा पैसा हातांतून जातांना त्यास मोह होऊं नये.

या सात अटींतील पहिली अट आज आपणांस निंद्य वाटेल, व ती निंद्यच आहे. तिच्याकडे पुढें वळूं. परंतु चौथी व सातवी या अटी एकत्र वाचल्या म्हणजे संस्थेचें मर्म हातीं लागतें. सेवा विनावेतन असावी एवढाच आग्रह नव्हता. विनावेतन सेवा करणाऱ्या माणसाच्या हातांत गरिबांची थैली जाते, तेव्हां तिला पाय फुटूं नयेत ही खरी चिंता होती. म्हणून कामें शक्यतों जोडीनें सोंपवीत, एक कुलीन व एक कारागीर. पदें वर्षाचीं, कांहीं कामें तर महिन्याचीं. आणि जमाखर्च नव्या पंचायतीस समजावून द्यावयाचा. भूतदयेला हिशेबाची वही जोडून देणें, हीच या मंडळाची मोठी कल्पकता होय.

(४) चौदा कर्में

बंधूंचें कर्तव्य चौदा दयाकर्मांत सांगितलेलें आहे. सात देहाचीं व सात आत्म्याचीं. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, वाटसरूस आसरा, आजारी व बंदिवान यांची भेट, धरून नेलेल्यांची सोडवणूक व मेलेल्यास मूठमाती, हीं देहाचीं. अज्ञानास शिकवणें, विचारणाऱ्यास सल्ला देणें, चुकलेल्यास सुधारणें, दुःखितांचें सांत्वन, अपराधाची क्षमा, दुसऱ्याचे दोष सोसणें व जिवंतांसाठीं आणि मृतांसाठीं प्रार्थना, हीं आत्म्याचीं. यांतील बहुतेक देहकर्मांचें मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. मेलेल्यास पुरण्याचें कर्म मागाहून जोडलें गेलें.

गोव्याच्या रस्त्यांत यांपैकीं सर्वांत ठळकपणें दिसे तें शेवटचें देहकर्म. काळे झगे घातलेले बंधु तिरडीबरोबर चालत. फांशीची शिक्षा झालेल्या माणसास ते वधस्तंभापर्यंत सोबत करीत, आणि सर्वसंतांच्या सणास फांशी गेलेल्यांचीं हाडें गोळा करून पवित्र भूमींत पुरीत. राजदंडानें ज्याची अब्रू घेतली त्याच्या हाडांना शहरांतील अब्रूदार गृहस्थांनीं खांदा द्यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

आजाऱ्यांची शुश्रूषा हें दुसरें मोठें काम. आल्बुकर्कच्या वेळीं स्थापलेल्या राजाच्या इस्पितळाची व्यवस्था इ. स. १५४२ त मिझेरिकोर्दियाकडे सोंपविण्यांत आली. शतक संपतां संपतां ती जेझुइटांकडे गेली. याच १५४२ च्या मे महिन्यांत फ्रान्सिस झेव्हियर गोव्यास उतरला. पोपाचा वकील म्हणून आलेला हा पुरुष इस्पितळांतच राहिला, आजाऱ्यांजवळ निजला, आणि रविवारीं शहराबाहेरील महारोग्यांकडे जात असे. त्याच्या पत्रव्यवहारांतील एक भाग आपल्या विषयास फार उपयोगी आहे. इ. स. १५४९ त त्यानें गास्पार बार्झेउस या सहकाऱ्यास होर्मुझला पाठविलें, तेव्हां त्यास लेखी सूचना दिल्या. त्यांत असें सांगितलें आहे कीं, लोक पापक्षालनार्थ जो पैसा देतील तो स्वतः वांटूं नये, तो मिझेरिकोर्दियाच्या स्वाधीन करावा. कारण खरा गरजू कोण व सोंगाड्या कोण हें बंधूंस ठाऊक असतें, आणि पाद्र्यानें पैसा हाताळला म्हणजे त्याच्यावर संशय येण्यास जागा होते. संत म्हणून पुढें पूजिल्या गेलेल्या पुरुषाची ही व्यवहारदृष्टि मुद्दाम ध्यानांत घेण्याजोगी आहे. दानाचा उत्साह पाद्र्याचा, आणि दानाची छाननी गृहस्थांची, अशी कामाची वांटणी त्यानें केली.

राजाच्या इस्पितळाचें सर्वांत सविस्तर वर्णन लिहिलें आहे तें फ्रान्स्वा पिरार या फ्रेंच प्रवाशानें. मालदीव बेटांत गलबत फुटून तो अडकला होता. तेथून सुटून बंगाल, कालिकत व कोचीन या मार्गें इ. स. १६०८ त आजारी अवस्थेंत गोव्यास पोंचला. त्या वेळीं इस्पितळ जेझुइटांच्या व्यवस्थेखालीं होतें. तेथील स्वच्छता, बिछाने, चिनी मातीचीं व रुप्याचीं भांडीं पाहून असें इस्पितळ जगांत दुसरें नसेल असें त्यास वाटलें. परंतु बरा होतांच त्याची रवानगी बंदीखान्यांत झाली. त्याच्या सुटकेसाठीं जे पाद्री झटले त्यांत तो दोन नांवें देतो, एक इंग्रज थॉमस स्टीफन्स व दुसरा फ्रेंच एत्येन द ला क्रुआ. मराठी वाचकास हीं नांवें परकीं नाहींत. पहिला तो इ. स. १६१६ त छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता, दुसरा तो पीटरपुराणाचा कर्ता. मराठी ओंवी लिहिणारे हे दोघे बंदिवानाची भेट घेण्याचें दयाकर्महि करीत होते, ही नोंद आपल्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं टिपून ठेवण्यासारखी आहे.

मात्र पिरारच्या स्तुतीनें दिपून जाऊं नये. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत या एका इस्पितळांत २५,००० पोर्तुगीज शिपाई मेले असा त्या काळचाच अंदाज आहे. रुप्याच्या ताटांनीं हिंवताप व हगवण बरी होत नसे. बंधूंच्या तिरडीला काम कां पुरत होतें, तें या आंकड्यावरून उमगतें.

(५) मेलेल्यांची जिंदगी

मिझेरिकोर्दियाच्या दप्तरांतील सर्वांत मोलाचा भाग मृत्युपत्रांचा व वारसांच्या हिशेबांचा होय. मलाक्केस किंवा मकावास एखादा शिपाई अथवा व्यापारी मरे. त्याची बायको वा आई पोर्तुगालच्या कोणत्यातरी खेड्यांत असे. मृतांच्या जिंदगीवर देखरेख करण्यास राजाचे स्वतंत्र अधिकारी होते. पण त्यांच्या हातीं पडलेला पैसा वारसांच्या हातीं पडेल असा लोकांस भरंवसा नव्हता. म्हणून मरणाऱ्यानें मृत्युपत्र करावें तें मिझेरिकोर्दियास विश्वस्त नेमून. तेथील बंधु मालाचा लिलांव करीत, कर्जें वारीत, धर्मादायाची रक्कम वेगळी काढीत, आणि शिल्लक हुंडीनें गोव्याच्या घरीं पाठवीत. गोव्याचें घर ती लिस्बनला पाठवी. लिस्बनचें घर मृताच्या गांवच्या चर्चमध्यें सूचना लावून वारसांस बोलावी. तीन घरें, दोन समुद्र आणि कित्येक वर्षें, एवढा प्रवास करून एखाद्या विधवेच्या हातीं पैसे पडत.

आपल्या राज्यपद्धतींत बेवारशी माल सरकारजमा होई, हें सनदा-निवाड्यांवरून सर्वांस ठाऊक आहे. वारसाचा शोध घेण्यासाठीं पृथ्वीच्या अर्ध्या परिघावर पगार न घेणाऱ्या माणसांची सांखळी उभी करणें, ही निराळीच गोष्ट होती. या सांखळीचा खरा आधार कोणता म्हणाल तर एका घरच्या बंधूस दुसऱ्या घरच्या बंधूच्या अक्षरावर असलेला विश्वास.

पण जेथें विश्वासाचा पैसा सांठतो तेथें राज्याची नजर जातेच. सतराव्या शतकांत डचांशीं युद्ध पेटलें, तिजोरी रिकामी पडली, तेव्हां विजरईंनीं मिझेरिकोर्दियाच्या ठेवींतून कर्जें उचललीं. हा पैसा मृतांचा, पोरक्यांचा व अनुपस्थितांचा होता. प्रोव्हेदोर हा स्वतःच राज्याचा मोठा अधिकारी असल्यावर त्यानें ‘नाहीं’ म्हणावें तरी कोणास ? चवथ्या व सातव्या अटींनीं गरीब बंधूच्या मोहाचा बंदोबस्त केला होता. बड्या बंधूच्या मिंधेपणाचा बंदोबस्त नियमग्रंथांत कोठेंच नव्हता. आमच्या मतें संस्थेच्या ऱ्हासाचें बीज शहराच्या ओसाडींत जितकें आहे तितकेंच येथेंहि आहे.

(६) उंबरठ्याबाहेरचे

आतां पहिल्या अटीकडे वळूं. रक्तशुद्धीच्या नियमाचा भारतभूमींत झालेला परिणाम स्पष्ट आहे. एतद्देशीय ख्रिस्ती, मग तो पूर्वीचा ब्राह्मण असो कीं चाड्डी असो, या घराच्या मेजावर बसूं शकत नसे. ज्या मंडळाचें ब्रीद दयेचें, त्याच्या बंधुत्वाची सीमा वंशानें आंखलेली होती. बार्देश व साष्टींतील गांवकऱ्यांनीं आपापल्या चर्चमध्यें निराळीं बंधुमंडळें चालविलीं. त्यांतहि जातीचे भेद शिरलेच, आणि त्यांच्या तंट्यांचे कागद आज समाजेतिहासाचें उत्तम साधन झाले आहेत.

स्त्रियांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालहून पोरक्या मुली राजाच्या खर्चानें गोव्यास येत. त्यांस हुंड्यादाखल एखादी सरकारी जागा मिळे व ती त्यांच्या नवऱ्यास भोगावयास सांपडे. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश (कारकीर्द १५९५–१६१२) यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं दोन आश्रम काढले. ‘नोसा सेन्योरा द सेर्रा’ हा कुलीन पोरक्या मुली व विधवा यांच्यासाठीं, आणि ‘सांता मारिया मागदालेना’ हा ‘वाट चुकलेल्या’ म्हणून गणलेल्या बायकांसाठीं. दोहोंची व्यवस्था मिझेरिकोर्दियाकडे आली. येथें आसरा होता हें खरें. भिंतीहि होत्या हेंहि खरें. नवरा दूरच्या मोहिमेवर गेला म्हणजे बायकोस या आश्रमांत ठेवून जाई. तिची इच्छा विचारली जाई काय, हें हिशेबाच्या वहींत लिहिलेलें नसतें. तेथें फक्त तिच्या अन्नवस्त्राचा खर्च असतो. अशा ओळी वाचतांना संशोधकानें दयेचा आंकडा व बंदिवासाचा आंकडा एकाच रकान्यांत पडलेला असूं शकतो, हें विसरतां कामा नये.

(७) उत्तर कोंकण आणि पुढील काळ

मिझेरिकोर्दिया केवळ गोव्यापुरती नव्हती. चौल, वसई, दमण व दीव येथेंहि तिचीं घरें होतीं. चौलास पोर्तुगीजांचें ठाणें १५२१ पासून, वसई त्यांच्या ताब्यांत १५३४ पासून. गोंयकार पंडित डॉ. जुझे गेर्सन द कुन्य यांनीं इ. स. १८७६ त चौल-वसईच्या अवशेषांवर लिहिलेला ग्रंथ या बाबतींत अद्यापि टाकून देण्याजोगा झालेला नाहीं. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पानें वसई घेतली, आणि पुढच्याच वर्षीं तहान्वयें चौल मराठ्यांकडे आलें. पोर्तुगीज कुटुंबें गलबतांत बसून गेलीं. त्यांच्याबरोबर तेथील बंधुमंडळांची परंपराहि खुंटली. वसईच्या मोहिमेचे आपल्याकडील कागद वाचतांना तोफा व सुरुंग यांच्या पलीकडे नजर टाकावी. जिंकलेल्या कोटांत एक दवाखाना, एक मृतांचें दप्तर व एक पोरक्यांची थैलीहि होती.

गोव्याचें जुनें शहर रोगराईनें ओसाड होत गेलें, वस्ती पणजीकडे सरकली, व १८४३ त पणजी ही रीतसर राजधानी ठरली. मिझेरिकोर्दियाच्या संस्थाहि चिंबल व रायबंदर या बाजूस आल्या. संस्थेचा तपशीलवार इतिहास जुझे फ्रेदेरिकु फेर्रैरा मार्तिंश यांनीं १९१० ते १९१४ या काळांत तीन खंडांत लिहिला; मूळ कागदांचे उतारे दिल्यामुळें तो ग्रंथ स्वतःच एक साधनसंग्रह झाला आहे. अलीकडे डॉ. फातिमा ग्रासियश यांनीं इ. स. २००० त या संस्थेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. इ. स. १९४७ त गोव्यांत सार्वजनिक साहाय्याची ‘प्रोव्हेदोरिया’ स्थापन झाली. ती आजहि गोवा सरकारच्या छत्राखालीं वृद्धाश्रम चालविते. चारशें वर्षांपूर्वींच्या प्रोव्हेदोराच्या पदवीचा अवशेष त्या नांवांत टिकून राहिला आहे. मात्र बंधूंची जागा पगारी नोकरांनीं घेतली. त्यांत गैर कांहीं नाहीं. पण स्वखुशीनें खांदा देणाऱ्याची पिढी कागदांतच उरली.

(८) समारोप

सारांश, मिझेरिकोर्दियाच्या इतिहासांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चर्चच्या प्रेरणेनें चालणारी लोकसेवा ही पाद्र्यांपेक्षां गृहस्थांच्या खांद्यावर अधिक उभी होती. दुसरी, तिचें बळ जितकें भावनेंत तितकेंच वहीखात्यांत होतें. तिसरी, जेथें मेजावर बसणारे सर्व एकाच वर्णाचे व एकाच दरबाराचे असतात, तेथें दया करणारा मोठा होतो, पण जिच्यावर दया करावयाची तिचा आवाज वहींत उमटत नाहीं, आणि दरबारानें हात पुढें केला असतां थैली आवळून धरणारा कोणी उरत नाहीं.

जुन्या ग्रंथांचे व हस्तलिखितांचे संग्राहक या लेखाचे वाचक आहेत, म्हणून त्यांस एक विनंती करून हा लेख पुरा करतों. गोमंतकांतील व वसई-चौल पट्टींतील जुन्या घरांतून जुने पोर्तुगीज कागद हातीं येतात, तेव्हां राजमुद्रा असलेला फर्मानवजा कागद आपण उचलतों आणि मळकट जमाखर्चाची वही बाजूस ठेवतों. ती वही टाकूं नये. तिच्यांत तांदळाचा भाव असेल, कफनाच्या कापडाची किंमत असेल, एखाद्या अनाम कैद्याच्या पेजेचा खर्च असेल. मुद्रेच्या कागदांत राज्य कसें बोललें तें कळतें. राज्यांत माणसें कशीं जगलीं व मेलीं तें या वहीवांचून कळावयाचें नाहीं.